हा तोच, हे कशावरून?

मुंज झालेल्या मुलाला संध्या शिकवायला बसवले की आरंभीच त्याला चोवीस नावे पाठ करावी लागत. केशव, नारायण, माधव, गोविंद अशी सुरुवात होऊन शेवट श्रीकृष्णावर. घोकणाऱ्या मुलाला ती नुसती नावे वाटतात. मूर्ती घडवणाऱ्याच्या दृष्टीने मात्र त्या चोवीस वेगवेगळ्या मूर्ती आहेत. गंमत अशी, की या चोवीस जणांचा चेहरा एकच, मुकुट एकच, उभे राहण्याची ढबही एकच. शंख, चक्र, गदा आणि पद्म यांपैकी कोणती वस्तू कोणत्या हातात आहे, एवढाच काय तो फरक. चार वस्तू चार हातांत किती तऱ्हांनी देता येतील, हे शाळकरी गणिताने काढले तर उत्तर बरोबर चोवीस येते. कोणत्या क्रमाला कोणते नाव, याबाबत ग्रंथाग्रंथांत थोडे अंतर पडते, पण रीत हीच. तोंडाकडे बघून हा केशव आणि तो माधव असे खुद्द घडवणाऱ्यालाही सांगता येणार नाही. हातांकडे बघून सांगता येईल.

स्मरणिकेच्या लेखाला हे लांबचे टोक पकडण्याचे कारण अगदी जवळचे आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत निमंत्रणपत्रिका, आरतीच्या पुस्तिका, मंडपातले फलक, मुलांच्या गोष्टी या सगळ्यांत संगणकाने काढलेली चित्रे आली. मुले त्यांना सरळ ‘एआयची चित्रे’ म्हणतात. चार ओळी लिहून द्यायच्या, अर्ध्या मिनिटात चित्र हजर. एकच चित्र हवे असेल तर काम फत्ते. पण गोष्ट सांगायची म्हणजे दहा चित्रे हवीत, आणि तिथे गाडी अडते. पहिल्या चित्रातला गणपती सुरेख, दुसऱ्यातलाही सुरेख, पण दोघे एकमेकांचे कोणी लागत नाहीत. दहा चित्रांत दहा गणपती! एकच पात्र चित्रामागून चित्रात तेच कसे राहावे, हा प्रश्न त्यामुळे आज घरोघरी आला आहे. तो नवा मात्र मुळीच नाही. आपल्याकडे त्याचा विचार फार जुना आहे, आणि त्यातले एक मोठे वळण तर आपल्या बडोद्यातून गेले आहे.

जुन्यांनी हा प्रश्न मापाने आणि खुणांनी सोडवला. केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत चेहऱ्याची जी लांबी, ती एक ताल, आणि एका तालाची बारा अंगुळे. हे अंगुळ फूटपट्टीवरचे नव्हे. ज्या त्या मूर्तीच्या उंचीतूनच ते निघते, म्हणून बोटभर मूर्तीला आणि पुरुषभर मूर्तीला एकच हिशेब चालतो. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत उत्तम प्रतिमेची उंची १०८ अंगुळे सांगितली, म्हणजे नऊ ताल. दशरथपुत्र राम आणि बळीराजा या दोघांना मात्र त्याने १२० अंगुळे दिली. आपला गणपती बुटका, लंबोदर. त्याला शिल्पग्रंथांत सहसा पाचच ताल मिळतात. मापाच्या जोडीला लक्षणे असत. हात किती, आयुधे कोणती, वाहन कोणते, रंग कोणता. विष्णुधर्मोत्तर पुराणाचा तिसरा खंड अशा वर्णनांनी भरलेला आहे. यात नाक कसे, जिवणी कशी, याचा पत्ता फारसा लागत नाही. डोळे कमळाच्या पाकळीसारखे म्हटले की झाले, आणि ते तर सगळ्याच देवांचे तसे! चेहरा हा कारागिराच्या हाताचा, त्याच्या गावचा. देव ओळखायचा तो लक्षणांवरून.

चित्रकारांपाशी आणखी एक साधन होते. एकदा जमलेली आकृती पारदर्शक कातड्यावर उतरवून घ्यायची, तिच्या रेषांवर सुईने भोके पाडायची, आणि नव्या कागदावर ते कातडे ठेवून वरून कोळशाची पूड थोपटायची. खाली ठिपक्यांची तीच आकृती उमटते. मुघल आणि राजपूत चित्रशाळांत अशा चरब्यांचे गठ्ठे बापाकडून मुलाकडे जात. आपण आराखडा या अर्थाने ‘खाका’ म्हणतो, त्या शब्दाच्या मुळाशी फारसीतली ‘खाक’, म्हणजे धूळच आहे.

हे प्रत्यक्ष पाहायचे तर लांब जायला नको. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा आपल्यापैकी कितीजणांनी आतून पाहिला आहे, कोण जाणे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बडोद्याची दिवाणगिरी केलेल्या भाऊ तांबेकरांचा हा लाकडी वाडा. त्याच्या भिंतींवर कृष्णलीला आहेत, महाभारतातले प्रसंग आहेत. भिंतीवरची गोष्ट पोथीसारखी क्रमाने वाचता येत नाही. माणूस जिन्यातून येतो, मध्येच कुठेतरी उभा राहतो, मान वर करतो. त्या क्षणी गर्दीतला कृष्ण त्याला सापडायला हवा. म्हणून निळा देह, पिवळे पीतांबर, डोक्यावर मोरपीस. या तीन गोष्टी धरून ठेवल्या की पाठमोरा कृष्णही कृष्णच राहतो.

कोकणातल्या चित्रकथींचे काम याहून अवघड होते. कुडाळजवळच्या पिंगुळी गावचे ठाकर समाजाचे लोक सावंतवाडीकरांच्या आश्रयाने ही कला जपत आले. एका कथेची एक पोथी, पोथीत सुट्या चित्रांचा गठ्ठा. दोन दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली. देवळात दिवे लागल्यावर कथेकरी मांडीशी एकेक चित्र उभे धरणार आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने गात गोष्ट पुढे नेणार. समोर बसलेल्यांना दिव्याच्या उजेडात चित्र दिसते न दिसते. अशा वेळी नाजूक चेहरेपट्टी काय कामाची? मोठाले डोळे, ठसठशीत रेषा, ठरलेले मुकुट, ठरलेले रंग. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ही चित्रे आहेत, ती जवळून पाहिली तर दोन वीरांचे चेहरे अदलाबदल केले तरी चालतील असे वाटते. गोंधळ मात्र होत नाही. कारण हा कोण, हे चित्राइतकेच कथेकऱ्याचा गळाही सांगत असतो. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा या कलेचे नाव पुन्हा वर्तमानपत्रांत आले.

आता बडोद्याचे वळण. त्याची सुरुवात एका तंजावरी मराठी माणसापासून होते. सर टी. माधवराव यांचा जन्म कुंभकोणमचा. भोसल्यांच्या मागोमाग दक्षिणेत गेलेल्या आणि तिथेच रुजलेल्या घराण्यांपैकी त्यांचे घराणे. आधी त्रावणकोरचे दिवाण, मग इंदूरचे, आणि १८७५ पासून बडोद्याचे. महाराष्ट्राबाहेर मराठीपण कसे टिकवावे यावर आपण दरवर्षी परिसंवाद घेतो. या गृहस्थांनी तीन संस्थाने चालवता चालवता ते केले, पण तो वेगळा विषय. त्रावणकोरमुळे त्यांना एका तरुण चित्रकाराची माहिती होती. १८८१ साली सयाजीरावांना राज्याधिकार मिळण्याच्या समारंभासाठी तो चित्रकार बडोद्याला आला. त्याचे नाव राजा रविवर्मा.

पुढे १८८८ मध्ये सयाजीरावांनी रविवर्म्यांना चौदा पौराणिक चित्रांचे काम सांगितले. नल-दमयंती, शंतनू-मत्स्यगंधा, हरिश्चंद्र-तारामती, विश्वामित्र-मेनका, कीचक-सैरंध्री ही त्यांतली काही. आता चित्रकारापुढे पेच पडला. पुराणातल्या नायिकांना नेसवायचे काय? केरळचा वेष दिला तर इथल्यांना परका, इथला दिला तर तिकडच्यांना. रविवर्मा आणि त्यांचे धाकटे बंधू राजा राजवर्मा उत्तर हिंदुस्थानात खूप हिंडले, आणि साऱ्या देशाचा म्हणावा असा एकच जुना पोशाख काही त्यांना सापडला नाही. शेवटी त्यांच्या कित्येक नायिकांच्या अंगावर मराठी पद्धतीचे लुगडे आले. आज आपल्याला सरस्वती म्हटले की जी डोळ्यांपुढे येते, तिच्या निऱ्यांमागे हा सगळा प्रवास आहे.

चित्रे पुरी झाल्यावर लोकांसाठी खुली ठेवण्यात आली आणि ती पाहायला झुंबड उडाली. पण चौदा चित्रे अखेर राजवाड्यात जाणार. निवडक चित्रांचे युरोपातून रंगीत छाप काढून घ्यावेत, ही सूचना माधवरावांनी १८८४ मध्येच रविवर्म्यांना पत्राने केली होती. ती दहा वर्षांनी वेगळ्या रूपात फळाला आली. १८९४ साली गिरगावात रविवर्म्यांचा स्वतःचा छापखाना सुरू झाला. पहिले छापील चित्र शकुंतलेच्या जन्माचे. दगडावरच्या छपाईत जितके रंग तितके दगड. प्रत्येक दगडावर त्या त्या रंगाचा भाग काढायचा, आणि एकावर एक छापताना केसाचेही अंतर पडू द्यायचे नाही. यंत्रे जर्मनीची, तंत्रज्ञही जर्मन. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि काही काळाने फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकतच घेतला. रविवर्म्यांच्या पश्चातही छपाई चालूच राहिली.

यातून जे घडले त्याची पुरती जाणीव त्या काळी कोणाला असेल असे वाटत नाही. रविवर्म्यांनी लक्षणे सोडली नव्हती. त्यांच्या लक्ष्मीला चार हात आहेत, कमळ आहे, हत्ती आहे. पण तिला त्यांनी एक चेहराही दिला, एका विशिष्ट बाईचा वाटावा असा. दगडावरून तो चेहरा हजारो वेळा जसाच्या तसा निघाला. बडोद्याच्या वाड्यात, ग्वाल्हेरच्या दुकानात, बेळगावच्या माजघरात तीच लक्ष्मी, त्याच किंचित झुकलेल्या नजरेची. कॅलेंडरे, काड्यापेट्या, कापडाच्या ठाणांवरची लेबले यांनी तो चेहरा आणखी पसरवला. कित्येक घरांत बायकांनी त्या छापील चित्रावर जर आणि टिकल्या चिकटवून त्याला आपलेसे केले. दागिने घरोघरी बदलले, तोंड तेच राहिले. देव आता चेहऱ्यावरून ओळखू येऊ लागला. इतक्या मोठ्या प्रमाणावर हे आपल्याकडे प्रथमच घडत होते. माझ्या मते आपल्या चित्रांच्या इतिहासात याहून मोठी उलथापालथ दुसरी नाही, आणि ती कोणत्याही वादविवादाशिवाय झाली.

छापील चेहऱ्यानंतर हालता चेहरा आला. तोही बडोद्याला वळसा घालून. धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर बडोद्याच्या कलाभवनात शिकले, पुढे रविवर्म्यांच्या छापखान्यासाठीही त्यांनी काम केले. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके. फाळक्यांना हा माणूस ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात सापडला. चार वर्षांनी ‘लंकादहन’ आला, आणि त्यात साळुंक्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. एकच चेहरा, आणि पात्रे दोन, तीही नवरा-बायको! तरी चित्रपट धो धो चालला. प्रेक्षकांची नजर अजून चित्रकथीच्या दिव्याखालची होती. धनुष्य आणि मुकुट दिसला की राम, पदर दिसला की सीता. आज असे कोणी केले तर मुलेही हसतील.

कारण मधल्या काळात आपण चेहऱ्याला चिकटलो. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली पडद्यावर आला. तुकोबा झाले विष्णुपंत पागनीस, जे त्याआधी रंगभूमीवर स्त्रीभूमिकांसाठी ओळखले जात. त्यानंतर कॅलेंडरांतले तुकोबा पागनिसांसारखे दिसू लागले. १९८७ मध्ये रामानंद सागरांचे ‘रामायण’ दूरदर्शनवर सुरू झाले आणि अरुण गोविल दिसले की लोक हात जोडू लागले.

चेहऱ्यावर भरवसा टाकला की तो चेहरा खरा कोणाचा, हा प्रश्नही येतो. त्याचे उत्तम उदाहरण शिवछत्रपतींचे. महाराजांचे म्हणून एक चित्र विसाव्या शतकाच्या आरंभी छापले जात होते. ते इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच माणसाचे असल्याचे वा. सी. बेंद्रे यांनी दाखवून दिले आणि १९३३ साली महाराजांचे अस्सल चित्र लोकांपुढे ठेवले. अठराव्या शतकात व्हॅलेंटाइन या डच लेखकाने आपल्या ग्रंथात ते छापले होते. म्हणजे पोवाडे गाणाऱ्या, गडकोटांची शपथ घेणाऱ्या आपल्या लोकांनी काही वर्षे दुसऱ्याच माणसाच्या चित्राला हार घातले. छापलेली गोष्ट शंभर ठिकाणी सारखी दिसली की ती खरीच वाटते, हा छपाईचा दुसरा गुण.

चित्रकथांच्या रंगीत पुस्तकांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अनंत पै यांची ‘अमर चित्र कथा’ १९६७ पासूनची. तिच्यातला ‘कृष्ण’ राम वाईरकरांनी काढला. १९८५ ते १९८९ या काळात महाभारत ४२ अंकांत आले, त्याची चित्रे दिलीप कदम यांची. हे काम किती कठीण आहे याचा विचार करून पाहावा. भीष्म कोवळा राजपुत्र म्हणून येतो आणि पांढऱ्या दाढीचा होऊन बाणांवर पडतो. पांडव वनवासात गेले की मुकुट उतरतात, वल्कले येतात. म्हणजे ओळखीची सगळी लक्षणे एका झटक्यात गेली. भीमाचे धिप्पाड शरीर त्याला वाचवते, पण धर्मराज आणि अर्जुन? त्यावर कडी म्हणजे विराटपर्व. तिथे पाचही जण वेष पालटतात. कौरवांना ओळखू येता कामा नये, आणि वाचकाला मात्र क्षणात ओळखू यायला हवे! असे काम करणारा चित्रकार आधी प्रत्येक पात्र समोरून, बाजूने, हसताना, रागावलेले असे काढून भिंतीला लावतो. डिस्नेच्या स्टुडिओत १९३० च्या दशकापासून याला ‘मॉडेल शीट’ म्हणत. शंभर चित्रकार एकच बाहुली काढत असले तरी सगळ्यांच्या डोळ्यांपुढे तोच कागद. पानामागून पान तेच पात्र दिसते ते या कागदामुळे, आणि चित्रकाराच्या डोक्यात कालचे पान ताजे असते म्हणून.

नव्या यंत्राजवळ नेमके कालचे पान नसते. ते कसे काम करते हे थोडक्यात सांगतो. सुरुवातीला त्याच्यापुढे नुसता ठिपक्यांचा कल्लोळ असतो, सिग्नल गेल्यावर जुन्या टीव्हीवर मुंग्या दिसत तसा. आपण लिहिलेल्या शब्दांकडे बघत ते हा कल्लोळ टप्प्याटप्प्याने निवळत नेते आणि त्यातून आकृती वर येते. दर वेळी आरंभीचा कल्लोळ वेगळा, म्हणून आकृतीही वेगळी. दुसरे चित्र काढताना पहिले त्याने पाहिलेलेच नसते. शिवाय ‘तेजस्वी मुद्रा, मोठे डोळे’ या शब्दांत बसणारे चेहरे लाखो आहेत. कल्लोळाला एक आकडा असतो, त्याला ‘सीड’ म्हणतात. तो आकडा कायम ठेवला तर कल्लोळही तोच राहतो, पण प्रसंगाचे शब्द बदलताच पात्रही थोडे सरकते.

२०२२ साली गूगलच्या संशोधकांनी ‘ड्रीमबूथ’ नावाची पद्धत मांडली. एखाद्या पात्राची तीन ते पाच चित्रे यंत्राला दाखवायची, आणि त्या पात्राला यंत्राने सहसा न ऐकलेले एक नाव द्यायचे. बारसेच म्हणा ना. त्यानंतर ते नाव लिहिले की यंत्र तेच पात्र काढू लागते, मग ते घोड्यावर बसवा नाहीतर नावेत. ‘लोरा’ म्हणून दुसरी युक्ती आहे. तिच्यात मूळ यंत्राला हात न लावता एक लहानशी पुरवणी शिकवून जोडतात. आताच्या साधनांना तर एक नमुन्याचे चित्र दिले की पुष्कळदा पुरते. चेहरा धरून ठेवणे अशा रीतीने बरेच सोपे झाले आहे. तरी एका चित्रावरून दुसरे, दुसऱ्यावरून तिसरे असे काढत गेले की झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखे हळूहळू काहीतरी निसटते.

निसटते ते बहुधा लक्षण, आणि हेच मला महत्त्वाचे वाटते. यंत्राची मोजदाद कच्ची. रावणाची तोंडे कधी आठ, कधी अकरा. गणपतीची सोंड एका चित्रात डावीकडे, पुढच्यात उजवीकडे. ज्याने ही साधने बनवली त्याला हा फरक किरकोळ वाटेल. अष्टविनायकांत उजव्या सोंडेचा एकटा सिद्धटेकचा, आणि उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे कडक म्हणून घरात आणताना दहा वेळा विचार करणाऱ्या माणसांना तो किरकोळ कसा वाटेल? दुसरे असे, की यंत्र ज्या असंख्य चित्रांवरून शिकले त्यांत ज्याची गर्दी जास्त, त्याच्याकडे ते झुकते. नुसते ‘मराठा सरदार’ लिहून पाहा. डोक्यावर बहुधा कुठला तरी राजस्थानी साफा येईल. शिंदेशाही पगडी वेगळी, बडोदेशाही वेगळी, पुणेरी त्याहून वेगळी, हे त्याला सांगावे लागते. आणि सांगायचे तर आधी आपल्याला ठाऊक हवे.

आपल्या ओळखीतल्या एका मंडळाने या वर्षी गणेशजन्माची गोष्ट मुलांसाठी दहा चित्रांत करायची ठरवली. चित्रे करणारी मुलगी विशीतली, साधनांत तरबेज. पार्वतीचा चेहरा तिने दहाही चित्रांत अगदी तोच ठेवला. पण चौथ्या चित्रापर्यंत नऊवारीत असलेली पार्वती पाचव्यात उजव्या खांद्यावरून पुढे घेतलेल्या गुजराती पदरात आली, आणि आठव्यात मालिकांतल्या राणीसारख्या घागऱ्यात. मंडळातल्या एका आजींनी ही कोणी दुसरीच बाई आहे असे ठामपणे सांगितले. चेहरा तोच आहे हे दाखवूनही त्यांना पटले नाही. मला तर आजींचेच बरोबर वाटते. त्यांची नजर चोवीस मूर्तींच्या परंपरेतली आहे.

खरा पेच पुढे होता. या गोष्टीत नायकाचे डोकेच बदलते! सहाव्या चित्रापर्यंत तो साधा मुलगा, आठव्यापासून हत्तीच्या तोंडाचा. चेहऱ्यावर भिस्त ठेवणारी कोणतीही युक्ती इथे लंगडी पडते. दोघे एकच आहेत हे पाच वर्षांच्या मुलाने ओळखायचे कशावरून? मग चारजण पोथ्या घेऊन बसले. शिवपुराणात पार्वती आपल्या या मुलाला दारावर उभे करताना हातात काठी देते. ती काठी धरली. पिवळे पीतांबर, लाल शेला, पायात वाळा, हातात काठी. या चार गोष्टी पहिल्यापासून दहाव्या चित्रापर्यंत हलवायच्या नाहीत असे ठरले. यंत्र नवे मस्तक खऱ्या हत्तीसारखे करड्या रंगाचे काढत होते. आपल्या शाडूच्या मूर्तीत मस्तक आणि अंग एकाच रंगाचे असते, म्हणून तेही लिहून दिले. मुलीने ही सगळी यादी कागदाच्या एका पाठपोट पानावर उतरवली आणि प्रत्येक चित्राच्या आधी तीच यादी यंत्राला पुन्हा दिली.

वाद राहिला तो दाताचा. यंत्र सारखा एक दात मोडलेला गणपती काढत होते, कारण त्याने पाहिलेले गणपती बहुतेक एकदंतच. मंडळातल्या एका जुन्या सभासदांचे म्हणणे असे, की दात मोडला तो पुढे परशुरामाशी झालेल्या युद्धात. जन्मकथेत दोन्ही दात अखंडच हवेत. इतरांना भीती, की दोन दात पाहून मुले हा आपला गणपतीच नव्हे म्हणतील. तीन बैठका झाल्या. अखेर दात अखंड ठेवायचे आणि दहाव्या चित्राखाली तशी एक ओळ टाकायची, यावर मिटले. उंदीरही त्याच न्यायाने वगळला, पण त्याची चुकचुक अजून ऐकू येते.

ती दहा चित्रे त्यांच्या मंडपात उजव्या हाताच्या भिंतीवर लावली आहेत. यादीचा कागद वर्गणीच्या पावत्यांच्या फाइलमध्ये ठेवला आहे, पुढच्या वर्षी परशुरामाची गोष्ट घ्यायची आहे म्हणून.